राखेत घोळवलेले वाल

माझ्या सासूला मी कधी माफ केलं नाही. आता ती नाही, तरी करायचा विचार नाही. कारण विचाराल तर वाल.

मुलुंडला आमची खोली चाळीच्या टोकाला होती. मागे कारखान्याच्या भिंतीपर्यंत जमिनीची चिंचोळी पट्टी. जमीन म्हणायची आपली. भट्टीची काळी राख, फुटकी कौलं आणि चुन्याचे खडे, एवढंच तिच्यात होतं. संपात नवऱ्याची गिरणी बंद पडली, तो घरी बसला आणि मी एका पॅकिंगच्या युनिटमध्ये जाऊ लागले. त्याच वर्षी अलिबागकडचं वडिलांचं शेत कारखान्यासाठी गेलं, पाठोपाठ वडीलही गेले. माझ्याकडे राहिली ती त्या शेतातल्या कडव्या वालांची एक पुरचुंडी.

अर्धे वाल मी त्या थंडीत कोरडेच टोचले. काही कुजले, बाकीचे मुंग्यांनी नेले. सासू दारात उभी राहून बघत होती.

"या उकिरड्यात काय रुजणार गं? बापाचं शेत वाटलं काय तुला?"

सुनेच्या माहेरचं काही आपल्या दारात वाढलेलं तिला खपणारच नव्हतं. त्या दिवसापासून आमचं फक्त कामापुरतं बोलणं राहिलं.

पुढच्या थंडीत मला वडिलांची रीत आठवली. हलक्या जमिनीत ते बी कधी कोरडं टाकत नसत. रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचे, ओल्या फडक्यात बांधून ठेवायचे आणि कोंबाचं टोक दिसलं की चुलीच्या राखेत घोळवून पेरायचे. भिजलेलं बी जमिनीत पडून राहत नाही, माती सुकायच्या आत मूळ खाली धाडतं, असं ते म्हणत. मी उरलेले सगळे वाल तसेच केले. सकाळी राखेत घोळवले, फडक्यात झाकून ठेवले आणि संध्याकाळी येऊन पेरायचे म्हणून कामावर गेले.

परत आले तर घरभर बिरड्याचा वास. नवरा ताटावर बसला होता. "झकास झालंय," म्हणाला. फडकं धुऊन दोरीवर वाळत घातलेलं होतं.

"ते वाल पेरायचे होते," मी म्हणाले.

"मला काय ठाऊक?" सासू चुलीपासून म्हणाली. "मोड आलेले वाल दिसले, सोलले. घरात दुसरं होतं काय रांधायला?"

खरं तर कुणीही फसलं असतं. आमच्याकडे मोड आलेले वाल म्हणजे बिरडंच. मीही गप्प बसले असते. पण मला राहवलं नाही.

"आणि राख?"

"धुतली की. राखेसकट घालू काय तुम्हाला?"

बिरड्याच्या वालांना राख कोण लावतं? बाई जन्मभर कोकणात शेतं पेरून आली होती. तिला सगळं कळलं होतं. माझ्या ताटात तिने पळीभर जास्तच वाढलं. मी ताट सरकवलं आणि मोरीतली सालांची बादली उपसायला बसले. वाल भिजवले की काही दाणे फुगतच नाहीत, दगडासारखे राहतात. त्यांना गणंग म्हणतात. सोलताना ते फेकून देतात. मला त्या सालांत थोडे सापडले. नवरा म्हणाला, "वेडी झालीस काय?" मी ऐकलं नाही.

ते दाणे उंबऱ्याच्या दगडावर साल खरवडेपर्यंत घासले आणि पुन्हा भिजत घातले. या वेळी घरात ठेवले नाहीत, डब्यातून कामावर नेले. कोंब दिसले तसे भिंतीलगत पेरले. रुजला एकच. त्या एका वेलाने कारखान्याची भिंत झाकून टाकली.

शेंगा मी अख्ख्या चाळीत वाटल्या. सासूच्या ताटात एक दाणा पडू दिला नाही. काही वर्षांनी तिने अंथरूण धरलं. खाण्यावरची वासना उडाली होती. एके दुपारी मी वाळलेल्या शेंगा सोलत बसले होते, तेव्हा तिने पडल्या पडल्या विचारलं, "थोडं बिरडं करतेस काय गं?"

"हे बियाणं आहे," मी म्हणाले, आणि तिच्यासमोरच ते दाणे भिजत घातले.