पाय लागला आणि धार तुटली

एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. श्टुटगार्टला आमच्या इन्स्टिट्यूटमधल्या एका चिनी सहकाऱ्याची आई त्याच्याकडे कायमची राहायला आली होती. साठी उलटलेली, पण पाठ इतकी ताठ की पंचविशीतला मीच त्यांच्यापुढे कुबडा दिसायचो. मनातल्या मनात मी त्यांना काकू म्हणत असे. माझी आखडलेली मान बघून त्यांनीच मला कपडे वाळत घालायच्या माळ्यावर नेलं आणि ताई-ची, म्हणजे त्यांच्याकडची ती संथ लयीतली कसरत, शिकवायला सुरुवात केली.

हात थांबवायचा नाही, एवढाच त्यांचा नियम. एक हालचाल संपते तिथूनच दुसरी निघाली पाहिजे, तेलाची धार पडते तशी. जोर टाचेतून उठतो, कमरेत वळतो आणि बोटांपर्यंत पोचतो. मध्येच थबकलात की गेला. त्यांना जर्मन मोजकंच येई. मी अडलो की म्हणत, "वाइटर!" म्हणजे, चला पुढे.

जोडीने करायच्या भागात मनगटाला मनगट लावून, समोरच्याचा जोर ओळखत पुढेमागे सरकायचं. तिथे माझं घोडं पेंड खाई. वडीलधाऱ्या माणसाला पाय लागला की वाकून नमस्कार करायचा, हे अंगात इतकं मुरलेलं की पाय लागला रे लागला, मी वाकलोच. त्या चिडत, मग हसत. मीही मूर्खासारखा हसायचो.

गावातल्या एका व्यायाम क्लबाला प्रात्यक्षिक पसंत पडलं तर काकूंना शिकवायला हॉल मिळणार होता. त्यांचा सगळा जीव त्या हॉलवर होता. "घरी मी नुसती आई," त्या एकदा तुटक जर्मनमध्ये म्हणाल्या. "तिथे मी शिक्षिका."

प्रात्यक्षिकाच्या दिवशी आधी त्यांनी एकटीने करून दाखवलं. लोक खोकायचेसुद्धा विसरले. मग जोडीच्या भागासाठी मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांचा जोर माझ्या मनगटात आला आणि पहिल्यांदाच कुठेही न अडखळता अंगातून निघून गेला. मी खुशीत आलो, आणि तेवढ्यात पाय लागला. मी वाकलो. त्या पुढे येतच होत्या. माझा खांदा त्यांच्या गुडघ्यावर आदळला आणि त्या लाकडी जमिनीवर पडल्या.

लगेच उठल्याही. काही लागलं नव्हतं. पण कुणी खुर्ची आणली, कुणी पाणी. क्लबचे प्रमुख त्यांच्या मुलाला हळूच म्हणाले, "हे बघा, या वयात... जबाबदारी कोण घेणार?" चूक माझी आहे, आमच्याकडे अशी पद्धत आहे, असं मी घाईघाईने सांगू लागलो. "हो, हो," म्हणत प्रमुखांनी माझी पाठ थोपटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घटकाभरापूर्वी ज्यांच्या हातांवरून कुणाची नजर हलत नव्हती, त्यांना मी मान द्यायला म्हणून वाकलो आणि सगळ्यांदेखत म्हातारी करून ठेवलं. हॉल मिळणार नाही, हे त्यांना न सांगता कळलं होतं.

परतताना ट्रामच्या पायरीपाशी मुलाने हात पुढे केला. तो नेहमीच करायचा, आणि त्या नेहमी तो बाजूला सारून टणकन चढायच्या. त्या दिवशी त्यांनी तो धरला.