आत्याचा उजवा कान

माझी मोठी आत्या टेलिफोन ऑपरेटर होती. एक्स्चेंज भर चौकात, पोस्टाच्या वरच्या मजल्यावर. बावन्न-त्रेपन्न सालची ही गोष्ट. चौक तेव्हा ऐन भरात होता. समोर कापडाचं मोठं दुकान, शेजारी घड्याळजी, कोपऱ्यावर फोटो स्टुडिओ आणि मधून ट्राम. वर लांबट खोलीत अकराजणी रांगेनं बसायच्या. बोर्डावर दिवा लागला की त्याखालच्या भोकात दोरीची पिन खुपसून नंबर विचारायचा आणि जोडून द्यायचा. आत्याला चौकातलं दुकान न् दुकान आवाजावरून ओळखू यायचं. कापडवाले बोलण्याआधी दोनदा खाकरायचे. घड्याळजी तर असा ओरडायचा, की आत्या म्हणे, "याला फोन कशाला हवा? खिडकी उघडली तरी भागेल."

बत्तिसाव्या वर्षी तिच्या उजव्या कानात शिटी वाजायला लागली. हेडफोन बिघडला असेल म्हणून तिनं तो बदलून घेतला. शिटी घरापर्यंत आली. मग ती गुपचूप डाव्या कानाला हेडफोन लावू लागली. रोज सकाळी गजराचं घड्याळ उजव्या कानापाशी धरून बघायची. आधी हातभरावरून टिकटिक यायची, मग वितीवरून, पुढे कानाला टेकवलं तरच. आजोबा अंथरुणाला खिळलेले, माझे वडील अजून शिकत होते. सांगणार कोणाला? आजी करवादायची, "हाका मारून घसा बसला माझा. लक्ष कुठं असतं गं तुझं?"

वार्षिक कानतपासणी दोन आठवड्यांवर आली आणि नेमकी आत्याला सर्दी झाली. डावा कानही दडला. तरी ती कामावर गेली. रजा घेतली असती तर तपासणीला घाबरली म्हणाले असते, असं तिला वाटलं. चोराच्या मनात चांदणं!

दुपारी तीनच्या सुमाराला एका बाईनं घाईघाईनं नंबर मागितला. आत्याला "चारशे एकोणसत्तर" ऐकू आलं. तिनं जोडून दिला. तो फर्निचरच्या दुकानाचा निघाला. बाईनं पुन्हा फोन केला. ती रडत होती आणि आत्याला शब्दच लागेनात.

"बाई, जरा मोठ्यानं!"

पलीकडून नुसता हुंदका. शेजारच्या मैत्रिणीनं तिचा चेहरा पाहिला, हेडफोन ओढून घेतला आणि एका श्वासात दोरी दुसरीकडे लावली. "एकोणसाठ गं! दवाखाना! पोराच्या घशात बटण अडकलंय."

चार मिनिटं गेली होती.

पाळी संपायला अजून दोन तास होते. आत्याचे हात बोर्डावर चालत होते, जीव टांगणीला. सुटल्यावर ती जिना उतरून चौकात आली. दुकानांतले दिवे लागत होते, फोटो स्टुडिओबाहेर कुणी नवं जोडपं केस सारखे करत होतं. एरवी ती तिथं घटकाभर रेंगाळायची. त्या दिवशी ट्रामची घंटा तिला ऐकूच आली नाही. एका फेरीवाल्यानं दंड धरून मागे ओढलं. "ताई, जीव नकोसा झालाय का?"

दवाखान्यात कंपाउंडर बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होता. आत्यानं भीत भीत विचारलं, "दुपारी एक मूल... बटण गिळलेलं..."

"त्याचं काय?"

"कसं आहे?"

"डॉक्टर पोचले तेव्हा पार निळं पडलं होतं. उलटं धरून पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा बटण बाहेर आलं. आता बरं आहे. तुम्ही कोण त्याच्या?"

"कोणी नाही," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती थेट सुपरवायझरबाईंच्या टेबलाशी गेली. आठ महिने पोटात ठेवलेलं सगळं ओकून टाकलं. बाई कडक होत्या. "आजपासून बोर्डावर बसायचं नाही," एवढंच बोलल्या आणि तिला घरी पाठवलं.

पुढचे तीन आठवडे पोस्टमन दिसला की आत्या दाराशी धावायची. शेवटी पत्र आलं. तिला खालच्या मजल्यावर टेलिफोन डिरेक्टरीच्या कामावर घेतलं होतं. बाईंनी स्वतः शब्द टाकला होता. आत्यानं पहिल्याच महिन्यात त्यांना लिहून दिलं, की ऑपरेटरनं नंबर एकेक आकडा करून परत म्हणून दाखवावा आणि मगच जोडावा. ते मान्य झालं. चार, पाच, नऊ. वरच्या सगळ्याजणी तसंच म्हणू लागल्या.

वरची ती खोली आत्याला फार आठवायची. पण निवृत्त होईपर्यंत तिनं तो जिना पुन्हा चढला नाही.