दामूदादांच्या शेजारची जागा

जीप माणसांनी गच्च भरली, मागच्या पायरीवर चौघं लोंबकळली, तरी दामूदादा आपल्या शेजारची पुढची जागा कुणाला द्यायचे नाहीत. शहापूर ते धसई एवढा रस्ता आणि जागा रिकामी! मागून कुणीतरी टोमणा मारायचंच, "दादा, वाटेत मंत्री चढनार हाय का?" दादा आरशातून बघायचे. "चढला तर त्याला पन मागंच कोंबीन."

ती जागा सगुणावहिनींची, हे आम्हा सापगावकरांना ठाऊक होतं. वहिनी होत्या तोवर मांडीवर भाजीची पाटी घेऊन तिथे बसायच्या. त्या गेल्यावर दादा घरात एकटे. मुलगा कल्याणला नोकरीला. तो आला की एकच म्हणे, "बाबा, गाडी विका नि माझ्याकडं चला." दादांचं उत्तरही ठरलेलं, "हा पावसाळा जाऊ दे रे." असे किती पावसाळे गेले! आता मीही एकटीच. आमचे हे लवकर गेले, मूलबाळ नाही. परकर-पोलकी शिवायची आणि धसईच्या बाजारात नेऊन विकायची. एकट्या माणसाला दुसरं एकटं माणूस लांबूनच ओळखू येतं बघा. पण ओळखलं म्हणून काही कुणी बोलत नाही.

दादांच्या नाकाची मात्र आमच्याकडे मोठी ख्याती. चालती गाडी मध्येच थांबवून म्हणायचे, "पट्टा जळतोय," आणि बॉनेट उघडावं तर खरंच पट्टा! "डोलं रस्त्याला, कान इंजनाला आनि नाक सगल्याला," हे त्यांचं म्हणणं सगळ्या जीपवाल्यांच्या तोंडी होतं. वहिनी गेल्यावर गाडी वरचेवर बिघडू लागली. लोक म्हणाले, गाडी म्हातारी झाली.

एकदा माझा पाय मुरगळला होता. मागे चढताच येईना. दादांनी थोडा वेळ बघितलं, मग पुढचं दार उघडलं. "बस गो बाय. पाय लांब कर." मागची सगळी माना उंचावून बघू लागली.

दिवस राब भाजायचे. आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी त्या तुकड्यावर शेण, पाचोळा, झाडांच्या फांद्या पसरून जाळतात. त्या दिवसांत किन्हवलीपासून पुढे सगळा मुलूख धुरकट. धुराचा वास अंगाला, कपड्यांना, भाकरीलासुद्धा. चढावर माझ्या नाकात काहीतरी झोंबलं. मी म्हटलं, "दादा, काहीतरी जळतंय."

"राब गो," मागून एक बाई म्हणाली. "राबच," दुसऱ्यानं री ओढली. दादाही म्हणाले, "राब असंल." पण राबाच्या धुराला शेणाचा ओलसर गोडवा असतो. याला गोडवा नव्हता, तापलेल्या तव्यावर चिंधी पडल्यासारखा वास होता. शिवाय दोन्ही बाजूंना सागाचं रान. तिथे राब कोण भाजणार?

"दादा, तव्यावर चिंधी पडल्यासारखा वास आहे," मी म्हटलं मात्र, दादांनी गाडी बाजूला घेतली. उतरले, चाकांमागे दगड लावले आणि एकेका चाकाजवळ तळहाताची मागची बाजू नेऊन बघितली. तीन चाकं कोमट. मागच्या डाव्या चाकापाशी हात झटकन मागे आला. एकजण पाण्याची बाटली घेऊन धावला, तर दादा ओरडले, "पानी नको रे! तापलेलं लोखंड हाय, तडकंल!"

माणसं सावलीला पांगली. मी दगडावर बसून बघत होते. चाक निवल्यावर दादा खाली शिरले. हातब्रेकची तार गंजून अडकली होती. ब्रेक सोडला तरी त्या चाकाला धरूनच राहिलेला. त्यांनी नट ढिला केला, तारेला तेल दिलं, ठोकून मोकळी केली. चाक हातानं फिरवून बघितलं. मग माझ्याजवळ येऊन बसले, हात पुसत.

"बाय, कुनाला सांगू नको. मला वास येत नाय."

"सर्दी झालीय का?"

"सर्दी कसली! तरनेपनी ताप आला, तवापासून नाक गेलं. ही सांगायची. कोपरानं ढोसायची नि कानात म्हनायची, चपलेला निखारा लागलाय. म्हंजे पट्टा. काकवी उतू गेली, म्हंजे रेडिएटरचं पानी. तवा नि चिंधी म्हटली की ब्रेक." मग म्हणाले, "तू आज तिचाच शब्द बोललीस."

ते आपले रस्त्याकडे बघत होते. "पोराला कललं तर गाडी विकंल. मंग त्या चौथ्या मजल्यावर मी कुनाशी बोलू? सून-पोरगा दोगं पन कामाला."

त्या दिवसापासून पुढची जागा माझी झाली. लोक काय ते बोलले. बोलणाऱ्यांची मी कधी पर्वा केली नाही. दर वळणानंतर दादा विचारायचे, "कसला वास?" मी सांगायची: मोहाचा, कुणाच्या चुलीवरच्या सुकटीचा, राबाचा. गाडीचा नसला की ते म्हणायचे, "मंग थांबायचं कारन नाय." गाडीचा नसलेला वासही त्यांना नीट ऐकायचा असे. "सुकट कशी? कांदा घातलेली का नुसती?" असं खोदून विचारायचे. वर्षानुवर्षं आम्ही दोघं तेवढंच बोललो. पण तेवढं बोलायला मी बाजाराच्या दिवसाची वाट बघायची.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. नाकाचं गुपित राखता आलं, डोळ्यांचं कसं राखणार? जीप विकली गेली. मुलगा आपली गाडी घेऊन न्यायला आला, तेव्हाही राबाचेच दिवस होते. दादांना पुढे बसवलं. मी काचेशी उभी.

दादांनी काच खाली केली. "गो बाय, कसला वास?"

"राबाचा, दादा."

मग मुलाला म्हणाले, "चल रे. थांबायचं कारन नाय."

दादा परत आले नाहीत, कल्याणलाच वारले. आजही राब पेटले की मी ओटीवर येऊन उभी राहते. वास सगळे येतात. विचारणारं कुणी नाही.