सुखरूच्या झाडाचा फोटो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि अब्बांना तर नाहीच — आपला मुलगा धुतल्या तांदळासारखा आहे, याच समजुतीत ते गेले. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. तरी वाचताना तुमचा चेहरा मला दिसला असता तर बरं झालं असतं. लोकांचे चेहरे तपासत बसायची खोड आहे मला. कुणी जरा जास्त वेळ बघितलं की मनात पाल चुकचुकते — याला कळलं की काय?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी राजुऱ्यापुढच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. नागपूरला एक प्रशिक्षण झालं आणि तिथून मी हरितगृह वायू डोक्यात घेऊनच परतलो. कोळसा जळतो, जंगल जळतं, कार्बन डायऑक्साइड हवेत साचत जातो, पृथ्वीभोवतीचं पांघरूण जाड होतं, आतली उष्णता पुरती बाहेर पडत नाही, ऋतू बिघडतात — वर्गात सांगितलं, वनसमितीत सांगितलं, पानठेल्यावरही सांगितलं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हे पटवायला फार बोलावं लागत नाही. "आनखी किती तपन वाढन सर?" एवढंच लोक विचारायचे.

जे सांगत होतो ते खरंच होतं. ते शास्त्र मी आजही तसंच शिकवेन. खोटा होतो तो मी.

जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मला धुराचा एक मोठा फोटो हवा होता. आता धुराला काय तोटा? आमच्या खाणीजवळचे कोळशाचे ढीग उन्हाळ्यात आपोआप पेटायचे आणि आतल्या आत धुमसत राहायचे. शाळेत जाताना रोज बसच्या खिडकीतून दिसायचे ते. पण अब्बा त्याच खाणीत कामाला होते. त्याच कोळशावर मी शिकलो होतो. आणि प्रदर्शनाला पाहुणे म्हणून खाणीचेच साहेब येणार होते — त्यांच्यासमोर त्यांचाच ढीग टांगू? माझी हिंमत झाली नाही. मी दुसऱ्याचा धूर शोधायला निघालो.

मोहफुलं गळायच्या आधी आमच्याकडे झाडाखालचा पाला जाळतात. जमीन मोकळी झाली की फुलं दिसतात, वेचता येतात. जंगलातल्या मोहाच्या झाडांची गोंड कुटुंबांत वाटणी असते. तिचा कागद कुठेच नसतो, पण कोणतं झाड कोणाचं हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. एक मोठं झाड सुखरू भाऊचं होतं. एकाच बुडातून निघालेली दोन खोडं, आणि डावीकडच्या खोडाला मधासाठी कधीतरी पाडलेली खाच. वनसमितीत सुखरू माझ्या शेजारी बसायचा. माझं बोलणं तो मान डोलवत ऐकायचा, आणि तेव्हाही मला वाटायचं — हा मनातल्या मनात हसतोय का?

पाला जाळायची एक रीत आहे. सकाळी, दव असताना जाळायचा. आधी झाडाभोवती गोल झाडून घ्यायचं, म्हणजे आग त्या गोलाबाहेर जात नाही. मला ही रीत माहीत होती. सुखरूनंच सांगितली होती.

मी गेलो भर दुपारी. गोल झाडला नाही. विसरलो असं म्हणायची सोय नाही — झाडलेला गोल फोटोत दिसला असता. कोणीतरी काळजी घेऊन जाळलंय, हे बघणाऱ्याला कळलं असतं. मला तर बेपर्वाई दाखवायची होती ना?

काडी लावली. फोटो काढले. फार सुंदर निघाले. मग वारा फिरला, आणि मी लुना काढून पळालो.

तो सगळा उतार जळाला. सुखरूचं झाड बुंध्याशी पोकळ होतं, त्या पोकळीत आग शिरली आणि ते धुमसत धुमसत कोसळलं. दुसऱ्या दिवशी वनरक्षक शाळेत आला, "सर, तुमचा कोणावर संशय?"  मी म्हणालो, "झाड तर सुखरूचं आहे." एवढंच. तुम्ही म्हणाल, वाक्य खोटं कुठे होतं? मीही कितीतरी वर्षं स्वतःला हेच विचारत आलो.

समितीनं सुखरूला जंगलातून काही वेचायला बंदी केली. ठरावाच्या बाजूनं मीही हात वर केला. गाव त्याला आगलाव्या म्हणू लागलं. तो बायकोला घेऊन मूल गावी गेला, राइस मिलवर पोती उचलायला. माझ्या फोटोला बक्षीस मिळालं. 'पृथ्वीला ताप' असं नाव देऊन तो शाळेच्या व्हरांड्यात लावला गेला, आणि त्यासमोर कोण किती वेळ उभं राहतं हे मी बघू लागलो. गोल झाडलेला नाही, हे त्यात स्पष्ट दिसतं. एकानंही विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी सुखरू शाळेत आला, मुलीचं नाव घालायला. तोवर समितीही उरली नव्हती आणि बंदीही. खांदे पार उतरले होते त्याचे. व्हरांड्यात तो थबकला. फोटोच्या काचेवर, बरोबर त्या खाचेवर बोट ठेवलं त्यानं, आणि चेहरा उजळला त्याचा.

"हे माहं झाड होय ना, सर?" मग वळून त्यानं हाक मारली, "ये वं माय, पाह्य आपलं झाड!"

पोर फाटकापासून धावत निघाली. होय म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता — पेटलेल्या झाडाचा फोटो तुम्ही कसा काढला, सर?

"नाही भाऊ," मी म्हणालो. "हे एटापल्लीकडचं आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं काचेवरचं बोट काढलं.

"कुठी आहे आपलं झाड?" पोरीनं धापा टाकत विचारलं.

"हे नोहे माय," सुखरू म्हणाला. "दुसरं आहे. सर सांगून राह्यले."

ती त्याचं बोट धरून वर्गाकडे गेली. फोटोकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

झाड त्याचंच होतं.