पोटभर जेवून स्थळ पाहायला

बीडच्या स्टँडवर सकाळी एसटीत बसले तेव्हा मला हसूच आवरेना. वय वर्षं अठ्ठावन्न, गुडघे कुरकुरतायत, आणि बाई निघाल्या स्थळ पाहायला! पर्समध्ये बीपीची गोळी, अंगावर मोरपंखी साडी. शेजारच्या बाईंनी विचारलंच, "लग्नाला चाललाव का?" म्हटलं, "बघू, जमलं तर."

स्थळ म्हणजे भास्करराव, आमच्या दहावीच्या वर्गातले. दोघांचेही जोडीदार जाऊन बरीच वर्षं झाली. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळख ताजी झाली, मग रोज फोन, आणि दिवाळीत त्यांनी सरळ विचारलंच. माझी मुलगी मीनल बंगळुरूहून धास्तावलेली. "आई, फसवणुकीच्या बातम्या वाचत नाहीस का? लोकेशन चालू ठेव!" हल्लीची पोरं मायासुद्धा काळजीतूनच दाखवतात. माझी काळजी निराळी होती. भास्कररावांबद्दल शंका नव्हती, पण त्यांच्या घरात त्यांची सून आहे. तिच्या संसारात मी नकोशी पाहुणी ठरले तर? ती मनापासून हो म्हणाली तरच मी हो म्हणणार, नाहीतर आल्या पावली परत. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तेलगाव मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना ज्वारी डुलायला लागली. मधूनमधून हरभऱ्याचे हिरवेगार पट्टे. सिरसाळ्याला उतरले तर पेठ चिडीचूप, सगळी शटरं खाली! एकुलता एक रिक्षावाला, तोही निघायच्या घाईत.

"येळवस हाय आज (मार्गशीर्षातली वेळ अमावस्या). सगळं गाव रानात गेलंय, मी बी चाललो," म्हणाला आणि भुर्रकन गेला.

भास्कररावांनी 'सणाला या' म्हटलं होतं खरं, पण आमच्या आष्टीकडे हा सण नाही. मला वाटलं, असेल काहीतरी लहानसं. शिवाय 'घ्यायला येऊ नका, मी माझी येईन' असं मीच ठसक्यात सांगितलेलं. फोनवर त्यांनी सांगितलेल्या शेताच्या वाटेनं निघाले पायी.

पहिल्याच शेतातून हाक आली. "ओ ताई! तशाच कुठं चाललाव? जेवून जावा!"

"अहो, तुमची माझी ओळख नाही..."

"वळख कावून लागती? येळवशीला वाटंवरचं माणूस उपाशी जात न्हाई."

कोपीपुढं (कडब्याच्या पेंढ्यांची खोप) बसवलं. समोर भज्जी (ओल्या शेंगा-दाण्यांची घट्ट भाजी), उंडे (बाजरीचे वाफवलेले गोळे) आणि गार अंबील (ताकातलं ज्वारीचं पेय). काय ती चव, अहाहा! मी ताट पुसून खाल्लं. दुसऱ्या शेतात पुन्हा तेच. ताटात टाकणं बरं दिसत नाही, म्हणून तेही संपवलं. तिसऱ्या शेतात 'नको' म्हणायला तोंड उघडलं तर त्यात उंडाच आला. तिथून निघताना साडीची गाठ सैल करावी लागली.

भास्कररावांच्या शेतात पोचले. त्यांची सून सुरेखा लगबगीनं पुढं आली, पाया पडली आणि तिनं शीग लावून वाढलेलं ताट माझ्यापुढं धरलं. त्या ताटाकडं बघूनच मला गरगरलं.

"नको गं बाई," मी म्हणाले. "एक घाससुद्धा नको."

भास्करराव उगाच ज्वारीकडं बघायला लागले. सुरेखाचे डोळे भरून आले.

"आमचं काई चुकलं का, मावशी? येळवशीचं ताट नको म्हंजी हे घरच नको म्हणल्यासारखं हाय. पाहाटंपासून तुमच्यासाठी राबायली मी. वरीसभर मामा (सासऱ्याला इकडे मामा म्हणतात) तुमच्या फोनवर हसत्यात, तवा घरात लई बरं वाटतंय. तुमी न्हाई म्हणू नका ना."

मला जे विचारायचं धाडस होत नव्हतं, ते ही पोर न विचारता सांगून मोकळी झाली! काहीतरी छान बोलावं म्हणून तोंड उघडलं, आणि बाहेर आला भलामोठा ढेकर. अगदी पार बांधापर्यंत ऐकू जाईल असा.

"तीन शेतांत जेवून आलेय गं!" मी ओरडले. "पोटभर! ताट पुसून!"

"आवं मावशी!" सुरेखा रडता रडता हसायला लागली. "वाटंवर दोन-दोन घास खायचे असत्यात!"

भास्करराव तर हसून हसून खालीच बसले. मग सुरेखानं भरवलेला एक घास मी डोळे पुसत खाल्ला, आणि देवाशप्पथ, तोही गेला पोटात. नंतर पिकात अंबील शिंपडायची वेळ आली तेव्हा तिनं घरच्या बाईला द्यावं तसं मडकं माझ्या हातात दिलं आणि सासऱ्याच्या मागं चालायला लावलं. साठीला टेकलेली मी, ज्वारीतून अक्षरशः उड्या मारत चालत होते.

परतीच्या एसटीला भास्करराव सोडायला आले. काळज्या काही संपल्या नव्हत्या. गुडघे तेच होते, लोक नावं ठेवणारच होते आणि मीनलची समजूत घालायची होतीच. पण ओळख ना पाळख, तरी लोक हाका मारून जेवू घालतात, अशा मुलखात मला एकटीनं भिऊन बसायचं काही कारण दिसेना. भास्करराव खिडकीखाली उभे राहिले, चष्मा पुसला, परत घातला.

"मग... काय ठरलं?"

"पुढच्या येळवशीला बांधावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायचं काम माझं," मी म्हणाले. "तुम्ही फक्त वाढा."