तेजरामचं मशीन आणि अंजूचं डोरलं

मोहाडीच्या पलीकडे आमचं गाव. गावात धातू शोधायचं मशीन एकट्या तेजरामकडे आहे आणि ताठा मशीनपेक्षा जड. कुणाचा फाळ हरवो, कुणाची किल्ली, तो आधी सांगणार की आपलं मशीन चार हात खोल पाहतं. कमी खोलीवर लावणं त्याला कमीपणाचं वाटतं.

यंदा धानाच्या रोवणीत निर्मलाबाईच्या नव्या सुनेचं, अंजूचं, मंगळसूत्र तुटलं आणि त्यातलं सोन्याचं डोरलं बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, चिखलात पडलं. डोरलं सासूच्या सासूपासून चालत आलेलं. निर्मलाबाई बाजाराला गेली होती, ती परतायच्या आत ते सापडायला हवं होतं. पोर रडकुंडीला आलेली. तिनं तेजरामला बोलावलं आणि तेजरामनं फावड्यासकट मला.

त्यानं मशीनच्या दांड्याला सगळ्यात मोठी कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची चकती, जोडली. हे मशीन जमिनीत ठोका सोडतं, जरा थांबतं, मग परतीचा आवाज ऐकतं. तेजरामनं तो थांबा वाढवला, म्हणजे मातीची कुरकुर ऐकू येत नाही. बारीक सोन्याचा आवाजही तेवढ्यात विरून जातो, हे शहाणा विसरला. मशीन वाजलं, मी खणलं. दीड हातावर ट्रॅक्टरचं मोडकं पातं निघालं. चिखलणीखालचा घट्ट थर फुटला आणि बांधीतलं पाणी खड्ड्यात जिरू लागलं. फावडं त्याच्याच पायावर टाकावं असं मला वाटलं.

अंजू हळूच म्हणाली, "काकाजी, डोरलं सकाळीच तं पडलं. येवढं खोल काहून पाहून राहिले?"

तेजरामचं तोंड उतरलं. त्यानं लहान कॉइल लावली, थांबा कमी केला. माती कुरकुरायला लागली, तशी मशीनची ताकद उतरवली आणि तो इंच इंच सरकत राहिला. चार बोटांवर डोरलं सापडलं. अंजूनं ते धुऊन पदराच्या गाठीत बांधलं. खोटं कशाला सांगू, माझेच डोळे भरून आले.

तेवढ्यात बांधावर निर्मलाबाई उभी. अर्धी बांधी कोरडी, मधोमध खड्डा, रोपं आडवी. तिनं आधी आम्हा दोघांचा यथेच्छ उद्धार केला. मग विचारलं, "येवढी नासाडी करून भेटलं तरी काय?"

आजवर साधा खिळा सापडला तरी गावभर मिरवणारा तेजराम पातं उचलून तिच्यापुढे धरत म्हणाला, "लोखंड भेटलं, वहिनी."