रणजीत आडेला कोणी कामाला लावेना

आमच्या औंढ्याच्या घराला माडीवर दोन खोल्या आहेत. आजवर तिथं नाना तऱ्हेची माणसं राहून गेली. एक मास्तर होते, ते झोपेत पाढे म्हणायचे, आणि सतराच्या पाढ्यात अडकले की खाली आम्हाला जाग यायची. एक कंपाउंडर होता, त्याला किटलीभर चहा लागायचा आणि तरी म्हणायचा, आज कशात चव न्हाई. पण ज्याला चहाच चालत नाही असा भाडेकरू आला तो गेल्या वर्षी, पोळा झाल्यावर. एकटा नव्हे, जोडीनं आला.

पांढरा शर्ट, काळी पॅंट, गळ्यात टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. मला वाटलं, विम्यावाले आले. एकाच्या पट्टीवर 'एल्डर आडे', दुसऱ्याच्या पट्टीवर 'एल्डर जोजी'. माझी सून करुणा शिकलेली. ती म्हणाली, "आबा, एल्डर म्हंजे वडीलधारा." मी पुन्हा एकदा नीट बघितलं. वडीलधाऱ्यांना अजून मिसरूड फुटून राहिली होती.

ती मॉर्मन पंथाची पोरं. येशू ख्रिस्ताला मानणारी. त्यांच्यात तरुण पोरगं दोन वर्षं घरदार सोडून, पदरचं खर्चून सेवेला जातं, आणि कुठं जायचं ते वरून ठरतं. त्यांच्या पंथातलं एक कुटुंब हैदराबादेहून औंढ्याला आलेलं होतं, त्यांच्या सोबतीला ही जोडी आली. जोजी विशाखापट्टणमचा, त्याला मराठीतले 'पाणी' आणि 'बस' हे दोनच शब्द येत, आणि तेवढ्यावर त्याचं छान चालायचं. आडेचं नाव रणजीत. हा मूळचा आपल्याच सेनगावाकडच्या तांड्यावरचा. आईबाप त्याला कडेवर घेऊन हैदराबादेला बांधकामावर गेले ते तिकडंच राहिले. पोरगं मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागलं आणि तिथंच या पंथात गेलं. घरात बंजाऱ्यांची गोरमाटी बोली, रस्त्यावर तेलुगू, दुकानात दखनी. मराठी त्यानं आमच्या ओट्यावर बसून जमवली.

त्यांचा दिवस मी माडीखालून ऐकायचो. पहाटे घड्याळाचा गजर, मग गच्चीवर उड्या, मग तासभर पोथी वाचणं. मग इस्त्री. टायला इस्त्री करताना माणूस मी पहिल्यांदा बघितला. बाहेर पडायचं तर दोघांनी मिळून, भाजी आणायलाही दोघं. सोमवारी धुणं आणि घरी फोन. चहा नाही, कॉफी नाही, तंबाखू तर नाहीच. पहिल्या दिवशी करुणा चहाचा ट्रे घेऊन वर गेली आणि भरलेला ट्रे घेऊन खाली आली. दोन्ही कप मी प्यालो, वाया कशाला घालवायचे.

धर्माचं आपणहून बोलायचं नाही, कोणी विचारलं तरच सांगायचं, असा त्यांचा शिरस्ता. आता औंढ्यात विचारतं कोण? लोक विचारायचे, पगार किती, लग्न झालं का, आणि टाय घातल्यावर जेवण खाली उतरतं का. म्हणून रणजीतनं ठरवलं की लोकांचं काम करायचं. आणि तिथंच त्याचं सगळं अडलं.

स्टँडवर एका बाईच्या डोक्यावरचं गाठोडं घ्यायला गेला, तर तिनं "आवं, चोर!" म्हणून ओरडा केला. नागनाथाला आलेल्या यात्रेकरूंच्या पिशव्या उचलायला गेला, तर त्यांनी पिशव्या पोटाशी धरल्या. शाळेच्या मैदानातला कचरा दोघं वेचत होते, तर चार पुढारी गाडी थांबवून विचारायला आले, "कोन्त्या पक्षाचे तुमी? तिकीट कोनाला मागून राहिले?" एका हॉटेलवाल्यानं दया येऊन बादली दिली, पण लगेच परत घेतली. म्हणाला, "टायवाल्याला पाणी भरायला लावलं तर गिऱ्हाईक काय म्हनंल?"

संध्याकाळी रणजीत ओट्यावर येऊन बसायचा, टाय सैल करायचा आणि म्हणायचा, "आबा, सेवा करायला आलो मी. कोणी करूच देईना. आधीची गावं धरून दोन वर्षं संपत आली. घरी जाऊन काय सांगू? टायला इस्त्री केली म्हणून?"

मला हसू यायचं. त्याला अजिबात यायचं नाही.

आमच्या समोर चतुराबाई राहते. माझ्या मित्राची बायको, आम्ही तिला वयनी म्हणतो. नवरा वारला, लेकरं पुण्याला. सिद्धेश्वर धरणाच्या रस्त्यावर तिचं वावर, आणि दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन सोंगणीला आलेलं, पानं झडून शेंगा वाळलेल्या. चार दिवस जास्त उभं राहिलं की शेंगा तडकतात, दाणे मातीत जातात. मजूर सगळे आधीच दुसरीकडं बोललेले. हार्वेस्टर यावं तर काळ्या रानात अजून ओल, चाक रुतलं असतं. त्यात मोबाइलवर पावसाचं भाकीत.

रणजीतला हे कळलं आणि पोरगं उजळलं. जोजीला घेऊन समोर गेला. "मावशी, आमी दोघं येतो सोंगायला. फुकट."

चतुराबाईनं त्यांना बसवलं, आत जाऊन चहा टाकला, कपबशी पुढं केली. रणजीतनं कपाला हात न लावता हात जोडले. "नको मावशी. चहा न्हाई चालत."

तिनं कपबशी उचलली. "मंग सोंगनीचं बी ऱ्हाऊ द्या. मला न्हाई कोनाची गरज."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिनं पुन्हा चहा पुढं केला, जणू परीक्षाच. यानं पुन्हा हात जोडले. तिसऱ्या दिवशी बिस्किटांचा पुडा घेऊन गेला, तर तिनं दारच उघडलं नाही. इकडं ऊन कडक, शेंगा वाजायला लागलेल्या, आणि वावरात चतुराबाई एकटी विळा घेऊन वाकलेली. पोरगं आमच्या गच्चीवर येरझारा घालत होतं, आणि त्याच्या मागं जोजी, कारण एकट्यानं फिरायचं नाही!

शेवटी करुणा समोर जाऊन बसली आणि गोष्ट काढून आणली. चतुराबाईनं तरुणपणी जातीबाहेर लग्न केलेलं. गल्लीतली काही घरं तिच्या ओट्यावर बसत, हसत, बोलत, पण कप पुढं आला की हात जोडून "नको, नको" म्हणत उठत. ते हात जोडणं तिनं जन्मभर बघितलेलं. करुणा म्हणाली, "काकू, त्या पोरांचा नेमच हाय." तर म्हणते, "बहाना हाय सगळा. चहा न पिनारं मानूस असतंय का कुठं? माझ्या घरचं ज्याला चालत न्हाई, त्याचा घाम मला काहून पाहिजे?"

मी हे रणजीतला सांगितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"आबा, पिऊन टाकू का एक कप?" तो म्हणाला. "एकच."

"तुझा नेम तू जान."

"न पिता जातो तर ती समजते, मी तिला हलकं मानतो. पिऊन जातो तर मी खोटा. आणि तिकडं सोयाबीन तडकून राहिलं! बस एक काम मागितलं मी, आबा, बस एक!" डोळे भरले त्याचे. रागानं भरले. तसाच उठला, न जेवलेला, आणि समोर गेला. जोजी चपला हातात घेऊन मागं पळाला. मीही काठी घेऊन निघालो, म्हटलं आता हे घरी बसून ऐकण्यासारखं नाही.

चतुराबाई चुलीपुढं होती. रणजीत दारातच उभा राहिला.

"मावशी, चहा मी माझ्या आईच्या हातचा बी पीत न्हाई. माझी आई दर सोमवारी फोनवर शिव्या देते. तुमी बी द्या." आणि मग त्याचा धीरच सुटला. "सकाळपासून काय खाल्लं न्हाई मी. शिळी भाकर हाय का?"

माझ्या मागोमाग आलेल्या करुणानं कपाळाला हात लावला. आता ह्याला काय सांगायचं? पाहुणा मेला तरी खायला मागत नाही आपल्यात. शिळी भाकर मागतं ते घरचं लेकरू.

चतुराबाई चुलीपुढून उठली. मग टोपल्यातली भाकर काढली, वर तेल-तिखट घातलं आणि ताट न घेता तशीच त्याच्या हातावर ठेवली. "बस खाली. उभ्यानं खातंय का कोनी?" मग जोजीकडं वळली. "आन् ह्यो? ह्याला बी शिकवलं न्हाई का कोनी मागायला?"

जोजी म्हणाला, "पाणी."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिघं वावरात. टाय घरी. रणजीत तांड्यावरचा खरा, पण विळा त्यानं कधी धरलेला नव्हता. बुडाशी कापायचं सोडून वरवर कापायचा. चतुराबाई पुढच्या ओळीतून ओरडली, "आरं, दाढी करून राहिला का सोयाबीनची? खाली वाक!" वाळक्या शेंगा टोचून हात रक्ताळले. जोजीला मात्र लगेच जमलं, त्याचा रणजीतला आणखी राग. दुपारी मी बांधावर गेलो, तर पोराला पाठ सरळ करता येईना.

"कसं चाललंय, वडीलधारे?"

"आबा, बोलू नका."

निम्मं वावर झालं आणि संध्याकाळी सिद्धेश्वरकडून ढग आले. रात्रभर पाऊस पडला. सोंगलेल्या गंजीवर ताडपत्री होती, ते निम्मं वाचलं. उभं होतं ते सकाळी झोपलेलं, शेंगा फुटून दाणे चिखलात.

रणजीत बांधावर उभा राहून बघत होता. "तीन दिवस, आबा," तो म्हणाला. "तीन दिवस एका कपात गेले. आधीच भाकर मागितली असती तर सगळं घरात असतं."

खोटं नव्हतं त्याचं.

तो चिखलातून चतुराबाईकडं गेला. ती गंजीवरच्या ताडपत्रीत साचलेलं पाणी बघत होती. यानं मान खाली घातली. "सॉरी मावशी. माझ्यामुळं गेलं."

"तुझ्यामुळं गेलं व्हय? पाऊस काय तुझ्या बापाचा हाय?" ती म्हणाली. "आन् सॉरी ठिव तुझ्यापशी. पानी आत झिरपून राहिलं. तिकडून धर."

रणजीतनं ताडपत्रीचं टोक धरलं.